गुडघ्यावरची हॅट

क्लोव्हिस न्हाव्याच्या खुर्चीत बसलात, की तोंडावरचा साबण उतरेपर्यंत माझ्या भावाची गोष्ट ऐकावीच लागायची. तोंडभर फेस असल्यामुळे मध्ये बोलायची सोयच नाही.

"त्या रविवारी क्लेबॉर्नच्या चौकात दोन गाड्यांची चाकं बांधली," क्लोव्हिस वस्तरा हवेत धरून सांगायचा. "एका गाडीत म्हातारा एव्हारिस्त, दुसऱ्या गाडीत आपला नेसिम. एकदा याने वाजवलं, एकदा त्याने वाजवलं. आणि शेवटी काय झालं असेल? म्हाताऱ्याने आपल्या हाताने डोक्यावरची हॅट उतरवली. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला सलाम केला. या दोन डोळ्यांनी पाहिलंय मी."

पाहिलं होतं त्याने, ते खोटं नाही. सगळ्या चौकाने पाहिलं होतं, मीही तिथेच होते. हॅट उतरवली होती. सलाम मात्र क्लोव्हिसच्या पदरचा. पण न्यू ऑर्लिन्समध्ये कॉर्नेट फुंकणाऱ्याचं नाव व्हायला त्याचा ओठ जितका लागतो, तितकीच न्हाव्याची जीभ लागते. त्या एका हॅटवर माझा भाऊ ओनेसिम, आमचा नेसिम, राजा झाला.

आमची आई पिवळ्या तापाच्या साथीत गेली. बाप त्याच्याही आधी नदीवरच्या बोटीत कामाला म्हणून गेला तो गेलाच. मी लोकांचे कपडे इस्त्री करायला लागले आणि नेसिम दिवसभर गल्लीत भटकायला लागला. त्याला वाचवलं ते त्याच्या पारानने. बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातावर घेतो तो पारान, म्हणजे मानलेला बाप. पुष्कळसे पारान नाताळला एक संत्रं हातावर ठेवून मोकळे होतात. एव्हारिस्त तसले नव्हते. दिवसा ते लोकांच्या भिंतींना गिलावा करायचे, संध्याकाळी कॉर्नेट वाजवायचे, आणि नखांतला चुना कितीही घासला तरी निघायचा नाही म्हणून वाजवताना बोटं जरा लपवायचे. क्यूबाच्या लढाईहून परतलेल्या पलटणींची वाद्यं तेव्हा गहाणाच्या दुकानांतून पडून होती. त्यातलंच एक पोचे आलेलं, तुतारीसारखं पितळी कॉर्नेट त्यांनी नेसिमसाठी आणलं आणि फळीवर उंच ठेवून दिलं.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आधी तोंडाने गायचं."

वर्षभर पोराने नुसतं दो-रे-मी केलं, मांडीवर ताल धरून. शिवाय ओठांचं काम वेगळंच. कोटाचं बटण दोऱ्याला बांधून ते ओठांच्या आत धरायला लावायचे आणि दोरा ओढायचे. बटण निसटलं तर धडा बंद. नेसिम घरी येऊन चिडायचा. "बटणवाला करणार आहेत का मला?" म्हणायचा. पण रात्री झोपेतही त्याचे ओठ घट्ट मिटलेले असायचे, हे मी पाहिलं आहे. ज्या दिवशी पारानने दोरा ओढला आणि बटणाऐवजी दोराच तुटला, त्या दिवशी कॉर्नेट फळीवरून खाली आलं. त्यांची बायको फिलोमेन, आमची नेनेन, म्हणजे मानलेली आई, तिने त्या दिवशी चिंगळ्या घालून गंबो, भेंडीचं दाट कालवण, केला होता. नेसिमने खाल्लंच नाही. कॉर्नेट मांडीवरून खाली ठेवायला तयार नव्हता.

मग पुढचं सगळं भरभर झालं. मिसरूड फुटायच्या आत तो पारानच्या बँडबरोबर अंत्ययात्रांत वाजवू लागला. स्मशानात जाताना असा हळू वाजवायचा की मेलेल्याशी भांडलेली माणसंही रडायची, आणि परत येताना असा गरम वाजवायचा की विधवेचा पायही जागेवर राहू नये. आता त्या वाजवण्याला जॅझ म्हणतात. तेव्हा नाव पडलं नव्हतं. मग एका दुसऱ्या बँडने त्याला बोलावलं आणि पारानने आनंदाने सोडलं. "एका घरात दोन कॉर्नेटं म्हणजे दोन सासवा," म्हणाले.

त्या दिवसांत रात्री नाच असला की दुपारी बँड खेचरांच्या गाडीत बसून गल्ल्यागल्ल्यांतून वाजवत फिरायचा. तीच जाहिरात. ट्रॉम्बोनवाला मागच्या फळीवर पाय सोडून बसायचा, नाहीतर वाद्याची सरकती दांडी कुणाच्या तरी टाळक्यात जायची. दोन बँड एका चौकात समोरासमोर आले की लोकच पुढे होऊन चाकाला चाक बांधायचे, म्हणजे हरणाऱ्याने पळायला नको. ज्याच्या नावाने लोक जास्त ओरडतील तो जिंकला. जिंकणाऱ्याच्या बाजूने दोर सुटायचा. त्या रात्री सगळी वस्ती जिंकलेल्याच्या नाचाला जायची आणि हरलेल्याच्या हॉलमध्ये नुसत्या खुर्च्या.

तर तो रविवार. ओकच्या झाडाखाली मी उभी होते. पारानच्या एका गालाला सूज होती आणि मधून मधून ते रुमाल दाबत होते, एवढं मला लांबूनही दिसलं. दोन फेऱ्या झाल्या. मग त्यांनी हॅट काढली आणि गुडघ्यावर ठेवली. लोकांत एकदम गलका उठला, "हॅट काढली, म्हाताऱ्याने हॅट काढली!" नेसिमने मान वळवून तिकडे पाहिलं. मग त्याने छाती भरून श्वास घेतला आणि आधीच्यापेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात केली. ते संपल्यावर आणखी एक. त्यानंतर आणखी. पारानने उत्तर द्यायचा प्रयत्न केला, पण सूर मध्येच फाटला आणि त्यांनी रुमाल तोंडाला लावला तो लाल झाला. लोक नेसिमच्या नावाने इतके ओरडत होते की खेचरं बुजली. मीही ओरडत होते.

पारानचा सुजेखालचा तो दात गेला, आणि दाताचा आधार सुटला तसा वाजवायचा ओठही गेला. त्या हंगामातले त्यांचे नाच नेसिमच्या बँडकडे आले. ते पुन्हा कधी गाडीत चढले नाहीत. भिंती लिंपत राहिले.

नेसिमचं नाव मात्र नदीच्या पलीकडे पोचलं. घरी पाट्यांवर पाट्या भरून कोळंबी यायची, मला नवी इस्त्री आली. मी काही साधुसंत नाही, मला ते सगळं आवडत होतं. फक्त दोन गोष्टी मला कळायच्या नाहीत. एक म्हणजे त्या दिवसापासून त्याने हॅट घालणं सोडलं. उन्हात, अंत्ययात्रेत, चर्चला जाताना, कुठेही जायचं तरी बोडका. आणि क्लोव्हिसने गोष्ट सुरू केली की हा अर्धी दाढी तशीच ठेवून उठायचा. लोक म्हणायचे, किती नम्र मुलगा.

दुसरी गोष्ट पातेल्याची. दर शुक्रवारी तो बाजारातून चांगला मासा आणायचा आणि मला म्हणायचा, "कालवण कर आणि पातेलं पारानकडे देऊन ये." स्वतः कधी जायचा नाही. मी नेऊन द्यायचे. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तेव्हा पातेलं यायचं ते कधी अंजिरं घेऊन, कधी रताळी, कधी चार अंडी, तर कधी नुसती मूठभर भेंडी. पण भरून यायचं. नेसिम झाकण उघडून आत बघायचा आणि तोंड पाडून बसायचा. अंजिरं त्याने कधी तोंडात घातली नाहीत. मी म्हणायचे, "तुझ्या पारानने प्रेमाने दिलीत, त्यात काय विष आहे?" तर म्हणायचा, "तूच खा."

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग एक दिवस क्लोव्हिस घरी आला. तो वस्तीतल्या मदत मंडळाचा अध्यक्ष होता आणि अध्यक्ष झाल्यापासून दारातूनही आडवा शिरायचा.

"ओदील, कॉफी टाक," तो खुर्ची ओढत म्हणाला. "मोठी बातमी आहे. मंडळाचा वाढदिवस आहे ना, त्या रविवारी शिकागोहून एक माणूस येतोय. तिकडच्या मोठ्या हॉलसाठी कॉर्नेटवाला हवाय त्यांना. मी त्याला नेसिमचं नाव लिहिलं, हॅटची गोष्ट लिहिली. तो म्हणाला, बघायचंय."

"काय बघायचंय?" नेसिमने विचारलं.

"तेच रे! तोच चौक, तशाच दोन गाड्या, तशीच चाकं बांधायची. पलीकडच्या गाडीत म्हातारा बसेल. वाजवायचं नाही त्याने, नुसतं बसायचं. तू वाजवशील, तो उठून हॅट काढेल, अशी उंच, सगळ्यांना दिसेल अशी. मग मी तुझ्या डोक्यावर मुकुट ठेवीन. बायकोने सोनेरी कागदाचा केलाय, मापाला तुझं डोकं लागेल."

"पारान येणार नाहीत," नेसिम म्हणाला.

"येणार. आत्ताच विचारून आलो. म्हातारा हसला, म्हणाला, हॅट काढायला काय लागतं."

क्लोव्हिस कॉफी पिऊन गेला. मी इस्त्री करत होते आणि मनातल्या मनात शिकागोला पोचलेही होते. तिकडे बर्फ पडतो म्हणतात, तेव्हा नेसिमला लोकरीची गळपट्टी लागेल वगैरे. वळून बघते तर हा पायरीवर दोन्ही हातांत डोकं धरून बसलेला.

"कुणी मेलं का?" मी विचारलं.

"ओदील, ती हॅट माझ्यासाठी नव्हती काढली."

"मग काय वारा घ्यायला?"

"खूण होती ती," तो म्हणाला, आणि मग सगळं सांगितलं.

तो पहिल्यांदा दुसऱ्यांच्या गाडीत चढला त्या दिवशी पारानने त्याला बाजूला घेतलं होतं. म्हणाले होते, "आज ना उद्या आपली चाकं बांधली जातील. तेव्हा मी पारान नाही आणि तू पोर नाहीस, जीव तोडून वाजव. पण ओठ मांसाचा असतो रे, पितळेचा नाही. एखाद्या दिवशी अगदीच होईना झालं तर हॅट काढून गुडघ्यावर ठेव. मी चालू धून संपवीन आणि दोर सोडायला सांगेन. लोकांना वाटेल, जेवायची वेळ झाली. मी ठेवली तर तूही तेवढंच करायचं."

"आणि त्या रविवारच्या आधी एकदा त्यांनी केलंही तसं," नेसिम म्हणाला. "मी नवा होतो, ताप होता अंगात. त्यांच्यासमोर माझा एक सूर सरळ निघेना. मी हॅट गुडघ्यावर ठेवली. त्यांनी लगेच धून आटपली आणि गाडीवानाला म्हणाले, 'सोड दोर, घरी राजमा करपतोय.' लोक हसले. नाहीतर ते लोक मला हसले असते, ओदील. त्या दिवशीच माझं वाजवणं संपलं असतं."

"मग तुझ्या वेळी काय झालं? दिसली नाही तुला?"

"दिसली."

"डोळ्यांत काही गेलं होतं?"

"नाही. लख्ख दिसली. मी म्हटलं, ही धून संपवतो आणि थांबतो. तेवढ्यात लोक माझं नाव घेऊन ओरडायला लागले. मग म्हटलं, एकच आणखी."

जळका वास आला तेव्हा मला इस्त्रीची आठवण झाली. शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग पडला होता, आणि शर्ट त्याचाच होता ते बरं. मी त्याला वाटेल ते बोलले. कृतघ्न म्हटलं, मेल्या म्हटलं. म्हटलं, ज्याने तुझ्या ओठांत बटण धरून तुला माणूस केलं त्याचाच ओठ फोडलास.  मग मी दमले आणि मला आठवलं की त्या दिवशी झाडाखाली मीही त्याचंच नाव घेऊन ओरडत होते. हे मात्र मी त्याला सांगितलं नाही.

"चल ऊठ," मी म्हटलं. "पातेली पाठवून होत नाही हे. त्यांच्या पायाशी जाऊन सांग."

आम्ही गेलो तेव्हा पारान अंगणात अंजिराखाली बादलीतल्या पाण्यात पाय सोडून बसले होते. नेसिमला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मलाच खाली बघावंसं वाटलं.

"अरे, राजे आले," ते म्हणाले. "फिलोमेन, बघ कोण आलंय. आमच्या दारात यायला मुकुट लागतो वाटतं आजकाल?"

"पारान, क्लोव्हिस आला होता म्हणे तुमच्याकडे."

"आला होता. हॅटला ब्रश मारून ठेव म्हणाला. आहे ती एकच हॅट, तिला ब्रश मारला तर उरेल काय?"

"तुम्ही येऊ नका," नेसिम म्हणाला. "मी सांगतो त्याला. पारान, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी ऊन होतं," पारान म्हणाले. चटकन, आणि जरा मोठ्याने. "फार ऊन होतं. झालं ते झालं. ओदील, मासा फक्कड होता गेल्या वेळी."

नेसिमने पुन्हा तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला, धडा चालू असताना करायचे तसा. माझा भाऊ गप्प बसला. तोंडात बटण असल्यासारखा.

नेनेन मला विहिरीशी घेऊन गेली. बाई पहिल्यापासून कमी बोलायची आणि जे बोलायची ते टोचायचं.

"कुठलं ऊन गं?" ती म्हणाली. "क्लेबॉर्नच्या त्या ओकांखाली? रुमालसुद्धा वाळत नाही तिथे. इतकी वर्षं ऐकतेय मी, ऊन होतं, ऊन होतं. आणि तुझ्या भावाने केलं ते भर चौकात, आणि सांगायला आला कुठे, तर अंगणात, अंजिराच्या झाडाला."

मला वाटलं पारानला विषय नको आहे, म्हणून ते उन्हावर ढकलतायत. नेसिमलाही तसंच वाटलं. परत येताना तो एवढंच म्हणाला, "त्यांना सगळं माहीत आहे, म्हणून ऐकून घ्यायचं नाही." आम्ही दोघंही चुकलो होतो.

रविवार उजाडला. चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंडळाच्या बायका पांढऱ्या कपड्यांत, क्लोव्हिस छातीवर फीत लावून, हातात तो मुकुट. शिकागोचा माणूस एका खुर्चीवर बसवला होता आणि त्याला लिंबाचं सरबत दिलं होतं. पारान दुसऱ्या गाडीत पुढे बसले होते, डोक्यावर ती जुनी हॅट, खाली चाकाशी नेनेन. लोकांनी चाकं बांधली. मी मागच्यासारखीच झाडाखाली उभी राहिले, फक्त आज तोंड मिटून.

आणि नेसिमने वाजवलं. काय सांगू. माझा भाऊ आहे म्हणून नाही, पण तसं त्याने आधीही कधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. माझ्या मनात इतका राग होता, तरी अंगावर काटा आला. सरबताचा पेला धरलेला तो शिकागोवाला उभा राहिला. सगळा चौक डोलत होता. मी मनात म्हटलं, देवा, काय झालं ते झालं, याला जाऊ दे आता तिकडे. कुणाचं काय बिघडणार आहे?

तेवढ्यात क्लोव्हिसने पारानला खूण केली. पारानने उठायचं होतं, हॅट उंच धरायची होती. ते उठले नाहीत. बसल्या जागी त्यांनी हॅट काढली आणि गुडघ्यावर ठेवली. आणि नेसिमकडे बघत राहिले.

नेसिम थांबला.

धून संपवलीही नाही त्याने. ऐन वरच्या सुरावरून कॉर्नेट खाली घेतलं. क्लॅरिनेटवाला दोन सूर एकटाच पुढे गेला आणि घाबरून गप्प झाला. ढोलवाल्याने हात हवेतच धरला. इतक्या माणसांत एकदम अशी शांतता झाली की खेचराच्या शेपटीचा आवाज ऐकू यावा.

"दोर सोडा," नेसिम गाडीवानाला म्हणाला.

"अरे, काय करतोस?" क्लोव्हिस ओरडला. "वाजव ना!"

नेसिम खाली उतरला आणि स्वतःच गाठ सोडायला लागला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ओठ गेला याचा." मग सगळीकडून तेच. ओठ गेला. भर समारंभात गेला. कुणी हसलं, कुणी शिट्टी घातली. जी माणसं मघाशी डोलत होती तीच. शिकागोवाल्याने पेला खुर्चीवर ठेवला. मी धक्काबुक्की करत गाडीपाशी पोचले, तोवर दोर सुटला होता आणि पारान गाडीतून खाली वाकले होते. रडत होते की हसत होते, मला सांगता यायचं नाही. बहुतेक दोन्ही.

"दिसली तुला," ते नेसिमला म्हणाले. मग नेनेनकडे वळले. "बघ फिलोमेन, मी काय सांगत होतो? त्या दिवशी ऊन होतं पोराच्या डोळ्यांवर. दिसली असती तर थांबला असता. म्हणत होतो की नाही? आज दिसली, आज थांबला."

तेव्हा मला कळलं. म्हातारा विषय टाळत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं, तो दात, तो ओठ, त्या लिंपलेल्या भिंती, सगळं त्याने त्या एका उन्हावर सोसलं होतं. आणि आज तो चौकात आला होता ते बायकोला दाखवायला, की आपला पोर तसा नाही.

 नेनेन नुसती नेसिमकडे बघत होती.

मी नेसिमचा दंड धरला आणि जोरात चिमटा काढला. "गप्प राहा," मी त्याच्या कानात म्हटलं. "सगळं फिटलं. आता एक शब्द बोलू नकोस." आजही मला वाटतं, मी म्हणत होते त्यात वाईट काय होतं? म्हातारा सुखात होता. नाव गेलं, शिकागो गेलं, आणखी काय द्यायचं माणसाने?

नेसिमने माझा हात सोडवला.

"पारान, तेव्हाही दिसली होती," तो म्हणाला.

पारान हसतच राहिले क्षणभर. "काय?"

"दिसली होती. सावली होती तिथे. मी पाहिली आणि वाजवत राहिलो."

पारानचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, आणि ते बघणं फार वाईट होतं. त्यांनी गुडघ्यावरची हॅट उचलली, डोक्यावर घातली, नीट बसवली. गाडीवानाला म्हणाले, "चल." नेनेन चाकाच्या बाजूने चालत गेली.

शिकागोवाला रिकाम्या हाताने गेला नाही, आमच्या क्लॅरिनेटवाल्याला घेऊन गेला. मुकुटाचा कागद क्लोव्हिसच्या बायकोने चूल पेटवायला वापरला. दुकानात आता नवी गोष्ट आहे. क्लोव्हिस वस्तरा हवेत धरून सांगतो, "शिकागोचा माणूस समोर उभा, आणि ऐन वेळी याचा ओठ गेला. या दोन डोळ्यांनी पाहिलंय मी." नेसिमने दोनदा त्याला खरं सांगून पाहिलं. क्लोव्हिस म्हणाला, "असू दे रे, कुणाचाही जातो ओठ. लाजायचं काय त्यात?" खरी गोष्ट कुणाला नकोच होती. नेसिम वाजवतो अजून, पण गाड्यांत कुणी बोलावत नाही. अंत्ययात्रा तेवढ्या मिळतात.

त्या शुक्रवारी मी नेहमीसारखं कालवण करून पातेलं पारानकडे दिलं. नेनेनने घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आलं ते घासून लख्ख केलेलं. आणि रिकामं. नेसिमने झाकण उघडलं, आत हात घातला आणि तळावरून फिरवला, जसं काही एखादं अंजीर चुकून राहिलं असेल.

मला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला. "खरं बोललास त्याचं हे फळ," मी म्हटलं. "एवढंही मन मोठं करवलं नाही त्यांना?"

"नको बोलूस त्यांना," तो म्हणाला. "इतकी वर्षं भरून पाठवत होते ते माझं नव्हतंच. हे माझं आहे."

पुढच्या शुक्रवारी तो म्हणाला, पातेलं मी नेतो. कपाटातून त्याने जुनी हॅट काढली, झटकली आणि डोक्यावर घालून गेला. तेव्हापासून दर शुक्रवारी तोच जातो. मीही एकदा त्याच्यामागून गेले, काय करतो ते बघायला. पातेलं नेनेनच्या हातात दिलं की तो अंगणातल्या पायरीवर बसतो, हॅट काढून गुडघ्यावर ठेवतो, आणि अंधार पडेपर्यंत तसाच बसतो. पारान आतून, खिडकीशी बसून त्याच्याकडे बघतात. ते बाहेर येत नाहीत आणि बोलावतही नाहीत.

पायरीवर अंजिराची सावली असते. ऊन तिथे कधीच येत नाही.